उस्मानचाचा आणि सात कॅसेटी

उस्मानचाचा नसते तर मी आज सिनेमावर लिहून पोट भरत नसतो. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. पदवीच्या तीन वर्षांत मी जे शिकलो त्यातलं निम्मं महाडच्या कॉलेजात शिकलो आणि निम्मं बाजारपेठेतल्या चाचांच्या व्हिडिओ लायब्ररीत. त्यातलं कुठलं निम्मं बरोबर होतं, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही.

दुकानदार माल खपावा म्हणून धडपडतो. चाचा सात कॅसेटी खपू नयेत म्हणून धडपडत. हिंदी मारामारीचे पिक्चर ते डोळे मिटून देत, पण गल्ल्यामागच्या फळीवर हिरव्या फडक्यात गुंडाळलेल्या त्या सात कॅसेटींपैकी एखादी कोणी मागितली, की त्याला स्टुलावर बसवून उलटतपासणी सुरू होई. "जेवून आलायस?" "डोकं बिकं दुखतंय?" "घरात म्हातारं माणूस हाय का?" आणि शेवटी, भुवया वर करून, "कुठून चढणार?"

बँकेत पुण्याहून बदलून आलेले एक साहेब एकदा दुकानात आले. त्यांनी कॅसेटीवरचं नाव वाचलं आणि ते उभ्या जागी हरखले. "अहो, हा तर जगातला मोठा दिग्दर्शक! याच्या फिल्म महाडमध्ये? मला ही तीन नंबरची द्या."

"ती नाय मिळायची."

"का?"

"ती आंबेनळीचा घाट हाय. तुम्ही अजून पोलादपूरच्या स्टँडवर पण नाय पोचलात."

"अहो, मी भाडं देतोय ना!"

"भाडं दिलं म्हणून काय उलटी थांबते? खिडकीतून तोंड बाहेर काढून बसाल."

साहेब हट्टाला पेटले. चाचांनी शेवटी कॅसेट दिली, पण ती देताना लिंबू सरबत घ्या म्हणून बजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. "एक माणूस कपाट उघडतो, तर आत न्यायाधीश झोपलेला. त्याच्या पायाशी बदक. पुढे तासभर ते बदकच चालतंय. आणि खाली त्या अरबी अक्षरांची पट्टी! मला काही कळलं नाही हो."

"कसं कळंल?" चाचा कॅसेट फडक्यात बांधत म्हणाले. "तुम्ही मधनंच चढलात."

चाचांच्या बोलण्यात घाट सारखा येई, कारण तरुणपणी त्यांनी आंबेनळीतून ट्रक चालवला होता. मग ते आखातात गेले आणि चौदा वर्षं एका परदेशी इंजिनिअर साहेबाची गाडी चालवली. त्या साहेबाला या दिग्दर्शकाचं वेड. तिथल्या टीव्हीवर त्याच्या फिल्म लागत तेव्हा साहेब त्या टेप करून ठेवी. म्हणून चित्राखाली अरबी पट्टी. सातवी तेवढी त्याने परदेशातून विकत आणलेली. काम संपवून साहेब मायदेशी निघाला तेव्हा सामान जास्त झालं आणि त्याने कॅसेटींचं खोकं चाचांना देऊन टाकलं. प्रत्येकीवर लाल पेनाने नंबर घातलेला होता.

पण चाचा तो नंबर मानत नसत. "साहेबाचा देश सपाट. त्याला काय, एकपासून सुरू करून सातला उतरला. इथं गेर बघून टाकावा लागतो." त्यांनी आपला वेगळा क्रम लावला होता आणि तो कोणालाही सांगत नसत. एक पाहून झाली की दुसरी मिळे.

दिग्दर्शकाचं नाव मी इथे देत नाही. चाचांना ते कधी उच्चारता आलं नाही. बँकेच्या साहेबांकडून शिकून मी ते एकदा त्यांच्यासमोर नीट उच्चारलं, तर त्यांनी "तो कोण?" असं विचारलं. त्यांच्या लेखी तो फक्त 'म्हातारा' होता. विकतच्या सातव्या कॅसेटीच्या खोक्यावर त्याचा फोटो होता, दाट भुवयांचा. "ह्या म्हाताऱ्याला कुणी घाई करायला नाय गेलं पायजे," असं चाचा म्हणत.

मी त्यांच्या दुकानात शिरलो तो इंग्रजी सुधारायला. आमच्या इंग्रजीच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं, की इंग्रजी चित्रपट पाहा, कान तयार होतो. मी सरांचं कुठलंच म्हणणं टाळत नसे. कॉलेज बारा वाजता सुटे आणि माझी एसटी साडेचारला. मी दुकानात जाऊन म्हटलं, "चाचा, घरी टीव्ही नाही. इथे बसून इंग्रजी फिल्म पाहता येईल का? अभ्यासासाठी पाहिजे."

चाचांनी मला खालून वर न्याहाळलं. "कुठला रे तू?"

मी वाडीचं नाव सांगितलं.

"म्हणजे घाटातला. उलटी होते?"

"नाही."

"बस."

दुपारी एक ते चार दुकान बंद असे. शटर अर्धं खाली ओढून चाचा आतल्या खोलीच्या दाराकडे टीव्हीचं तोंड फिरवून ठेवत. दाराला फुलाफुलांचा पडदा. पडद्याआड चाची बसत. आमची वाडी सगळी हिंदू कुळंबी. मुसलमान घरात कसं वागावं हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण पडदा म्हणजे तिकडे बघायचं नाही, इतकं मला आपणहून कळत होतं. मी पडद्याकडे पाठ करून बसे आणि वही उघडे.

फिल्म सुरू झाली की चाचा पट्टीवरची अरबी अक्षरं मोठ्याने वाचत. काय तो आवाज! खर्जातून सुरू होऊन ओळीच्या शेवटी असा काही लांबवत, की समोरच्या कापडदुकानातला गडीसुद्धा शटरखालून डोकावे. वाचून झालं की टीव्ही थांबवायचा आणि मराठीत अर्थ सांगायचा. मी तो वहीत उतरवून घेई.

पहिली फिल्म एका माणसाची. तो खांद्यावर लाकडी जिना घेऊन शहरभर फिरतो. प्रत्येक घराला जिना लावतो, वर चढतो, वर काहीच नसतं, उतरतो, पुढे जातो. दीड तास एवढंच.

"ह्याचं असं झालंय," चाचा म्हणाले, "बायकोला वरची माडी बांधून देतो म्हणून हा परदेशात गेला. परत आला तर माडी राह्यलेलीच. जिना तेवढा करून आणला होता. आता आपल्या जिन्याला कुणाची माडी जुळते का, ते बघत फिरतोय."

पडद्याआडून आवाज आला, "मग बायको काय करते?"

चाचांनी पुढची ओळ वाचली. जरा विचार केला. "ती खालच्या खोलीत बरी हाय म्हणते."

दुसऱ्या फिल्ममध्ये कोरड्या पडलेल्या पोहण्याच्या तलावात लग्नाचे पाहुणे टोप्या घालून बसलेले. नवरा नाही, नवरी नाही, कोणी बोलत नाही, मधूनच एक जण उठून भोंगा वाजवतो.

"नवरा सौदीला हाय," चाचा म्हणाले. "निकाह फोनवर लागणार."

"आणि नवरी?" पडद्याआडून.

"ती पीसीओत. लायनीत उभी हाय."

"चांगले कपडे घालून?"

"नाय तर काय."

बदकाची फिल्म आमच्या क्रमात पाचवी आली. कपाटातला न्यायाधीश हा व्हिसाचा एजंट निघाला आणि बदक त्याचा माणूस. ते तासभर का चालतं, तर पासपोर्ट घेऊन एजंटाने त्याला एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात पाठवलेलं असतं. बँकेच्या साहेबांना हे कोणी सांगितलं असतं तर त्यांची झोप उडाली नसती, असं मला तेव्हा मनापासून वाटलं.

कधी कधी पडद्याआडून हरकत येई. "काल तर तुम्ही म्हटलात तो मेला."

"तो दुसरा. हा त्याचा चुलतभाऊ."

"अवो, ह्या म्हाताऱ्याचे सगळे पिक्चर आपल्या महाडातच कसे घडतात?" चाची म्हणत आणि स्वतःच हसत.

चौथ्या फिल्मच्या सुमारास माझ्या लक्षात आलं, की त्यातले लोक बोलतात ती भाषा इंग्रजी नाही. मी घाबरत घाबरत चाचांना तसं म्हटलं. चाचा म्हणाले, "मग काय झालं? कान तयार होतोय ना?" तो खरोखर तयार होत होता. कशासाठी, ते कळत नव्हतं.

सहा झाल्या. मी सातवी मागितली. चाचांनी फडक्याची गाठ घट्ट केली.

"ती गाडी पासिंग झालेली नाय."

"म्हणजे?"

"रस्त्यावर आणता येत नाय."

"मी पण तेच विचारते!" पडद्याआडून आवाज आला. "इतके दिवस सातवी सातवी ऐकतेय. लावा की!"

चाचा उठले आणि तीन वाजताच त्यांनी शटर पूर्ण वर केलं.

पदवी झाल्यावर मी पुण्यात सिनेमाचा अभ्यास शिकवणाऱ्या एका वर्षाच्या वर्गाला अर्ज केला. बँकेच्या साहेबांनीच त्याची जाहिरात कापून आणून दिली होती. आई म्हणाली, "पिच्चर बघायला शाळा हाय? मग नोकरी कसली मिळते, बघून सांगायची?" अर्जात 'आवडता दिग्दर्शक' असा रकाना होता. मी म्हाताऱ्याचं नाव स्पेलिंग तपासून लिहिलं.

मुलाखतीला तीन जण होते. ते नाव वाचून तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मधल्या बाईंनी चष्मा काढला. "याचं काम पाहायचं तर एखाद्याने सुरुवात कुठून करावी, तुम्हाला काय वाटतं?"

या प्रश्नावर माझी तीन वर्षांची तयारी होती. मी ताठ बसलो. "जिनावाल्यापासून करावी. मग तलावातलं लग्न. कपाटातला न्यायाधीश पाचवा घ्यावा. त्याच्यापासून केलीत तर ओकाल."

बाईंनी चष्मा पुन्हा घातला.

"काय होईल?" एका सरांनी विचारलं.

"उलटी, सर. घाट आहे तो."

मग मी वही उघडून त्यांना एकेक फिल्म समजावून सांगितली. माडीचं सांगितलं, पीसीओतल्या नवरीचं सांगितलं, व्हिसाच्या एजंटाचं सांगितलं. एका सरांनी रुमाल तोंडाला लावला. बाई मात्र लिहून घेत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "हे तुम्ही कुठे वाचलंत?"

"वाचलं नाही. आमच्या महाडच्या उस्मानचाचांनी पट्टीवरून वाचून दाखवलं."

माझी निवड झाली. का झाली ते मला कळलं नाही. पण वर्ग सुरू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात तिथे जिनावाल्याची फिल्म दाखवली, या वेळी इंग्रजी पट्टीसकट, आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. जिनावाला पूर्ण फिल्ममध्ये अकरा वाक्यं बोलतो. 'आज मंगळवार आहे का?' 'मला टोपी नको.' 'ही मांजर कोणाची?' असली. माडीचा पत्ता नाही. बायकोचा तर नाहीच. मला आधी वाटलं, ही प्रत वेगळी असेल. मग वाटलं, इंग्रजीत भाषांतर चुकलं असेल. चाचांचं चुकलं असेल असं वाटायला मला आठवडा लागला.

दिवाळीच्या सुट्टीत मी महाडला उतरलो, तो घरी न जाता थेट दुकानात गेलो. चाचींसाठी मिठाईचा पुडा नेला होता. "आला का रे ग्रॅज्युएट?" म्हणत चाचांनी हाक मारली आणि पडदा बाजूला झाला. डोक्यावरून ओढणी घेतलेल्या, चाचांहून ठेंगण्या, हसऱ्या अशा चाची मी पहिल्यांदा पाहिल्या. मी पुडा पुढे केला. त्यांनी हात पुढे केला. हात पुड्याच्या बाजूने निघून गेला आणि हवेत थांबला.

मी पुडा त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो हुंगला. "बर्फी," त्या म्हणाल्या. "पुण्याला जाऊन शहाणा झाला हा."

तीन वर्षं मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो होतो. पडदा पाळायचा म्हणून. पडद्यामागच्या बाईला दिसत नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

मला एसटीवर सोडायला चाचा चालत आले. स्टँडच्या बाकावर बसल्यावर मी जिनावाल्याचं काढलं. अकरा वाक्यं सांगितली.

"अरबी मला वाचता येते," चाचा म्हणाले. "लहानपणी मौलवींनी शिकवली, अक्षराच्या वरखालचा एक जेर-जबर चुकायचा नाय. पण समजायला कुणी शिकवली नाय रे. चौदा वर्षांत जी समजली ती स्टिअरिंगपुरती. डावीकडं घे. थांब. गाडी धू. उद्या लवकर ये. आणि त्या पट्टीत जेर-जबरपण नसतात. निम्मं मी अंदाजानं वाचतो."

"म्हणजे वाचणंही अंदाजाने आणि अर्थही अंदाजाने?"

"घाटात धुकं पडल्यावर कशी चालवतात?"

मी विचारलं, "पण हिंदी फिल्म का नाही लावत त्यांना? चारशे आहेत की."

"त्या तिला नुसतं ऐकून कळतात," चाचा म्हणाले. "मला काय विचारायची गरजच नाय लागत." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "हा टीव्ही आणायला मी तिकडं राबलो. दर पत्रात लिहायची, टीव्ही आणा. आणला, तर तोवर साखरेनं डोळे गेलेले. मला कळवलंपण नव्हतं, काळजी करीन म्हणून. चौदा वर्षं लांब राह्यलो, आता बोलायचं काय एकमेकांशी? भाताला मीठ बरोबर झालं का, एवढंच. मग म्हाताऱ्याची लावली एकदा. ती म्हणाली, काय चाललंय वो? मलापण कळत नव्हतं काय चाललंय. पण तिनं विचारलं."

पोलादपूर गाडी लागली. चाचांनी माझा दंड धरला.

"सातवीत पट्टी नाय. लावली तर वाचू काय? आणि न वाचता सांगायला लागलो तर तिला कळंल, का हा मनानं सांगतो. मग आधीच्या सहापण गेल्या. तिला सांगितलंय का टेप अडकते. पण तिनं एकदा धरलं का सोडत नाय. तुला कुठं बघायला मिळाली तर काय हाय त्यात ते लिहून पाठव. खरं काय ते लिही. एक तरी खरी सांगतो तिला."

गाडी घाट चढायला लागली आणि आयुष्यात पहिल्यांदा मला मळमळलं.

सातवी फिल्म मला मिळाली ती पुढच्या वर्षी, मुंबईत एका महोत्सवात, सकाळच्या खेळाला. एका उघड्या माळावर लांबच लांब टेबल. त्याच्या टोकाशी एक वयस्क बाई बसलेली. माणसं येतात, एकेक ताट, एकेक खुर्ची उचलून नेतात. शेवटी टेबलही नेतात. मग वीस मिनिटं पडद्यावर फक्त बाईचा चेहरा, आणि कुठेतरी पाणी वाहिल्याचा आवाज. इंग्रजी पट्टी पूर्ण फिल्ममध्ये दोनदा आली. 'मीठ कुठे आहे?' आणि 'संपलं.' अर्धं थिएटर उठून गेलं होतं. बाईच्या चेहऱ्यावर नक्की काय होतं ते मला तेव्हाही ठरवता आलं नाही. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला ती रडतेय, पुढच्या रांगेतला म्हणाला तिला झोप आलीय.

वहीत मी ती दोन वाक्यं लिहून घेतली होती. कॉलेजापासूनची माझी सवय, ऐकलेलं तसंच्या तसं लिहायचं. मुंबईतल्या मामाच्या खोलीवर बसून मी चाचांना पत्र लिहिलं. पहिला कागद फाडला, दुसरा फाडला. तिसरा पाठवला.

आदरणीय उस्मानचाचा आणि चाची,

दोघांना माझा नमस्कार आणि सलाम.

सातवी फिल्म काल मी मुंबईत पाहिली. चाचा, हे पत्र चाचींना मोठ्याने वाचून दाखवा. त्यासाठी सावकाश, मोठ्या अक्षरात लिहितो आहे. तुमच्या कॅसेटीची टेप अडकते, ते आता राहू दे. मी पाहिलेली प्रत चांगली होती आणि तिला इंग्रजी पट्टी होती.

एक माळ आहे, आपल्या सड्यासारखा. त्यावर लांब टेबल मांडलं आहे आणि एक बाई बसली आहे. चाचींच्या वयाची असेल. माणसं येतात आणि टेबलावरचं एकेक सामान घेऊन जातात. ती कोणाला अडवत नाही. थिएटरातल्या बऱ्याच लोकांना वाटलं, हिचं सगळं चाललं आणि हिला भान नाही. तसं नाही. तिचा नवरा तिच्या शेजारी बसलेला आहे. कॅमेरा त्याला एकदाही दाखवत नाही, म्हणून लोकांना तो कळला नाही. कोण आलं, काय नेलं, हे तो तिला सांगतो आहे. हा ताट नेतोय, याच्याकडे उद्या लग्न आहे. ही खुर्ची नेतेय, हिचा मुलगा सुट्टीवर यायचा आहे आणि त्याला बसायला घरात काही नाही. बाई मधूनमधून विचारते, पुढे काय? मग तो पुढचं सांगतो. कधी कधी तो चुकतो. तिला ते कळतं. ती बोलून दाखवत नाही.

शेवटी टेबलही जातं. त्यानंतर वीस मिनिटं नुसता तिचा चेहरा दिसतो. दुसरं काहीही घडत नाही, आणि तिला जराही कंटाळा आलेला नाही. कारण तो अजून सांगतोच आहे. तेव्हा तो काय सांगतो ते मात्र दिलेलं नाही. चाचींनी विचारलं तर ते तुम्ही सांगा.

बाकी सगळं मी पट्टीवर वाचलं तसंच लिहिलं आहे. एक शब्द माझ्या पदरचा नाही.

आपला,
दत्ताराम